तुमची कंबर, माझा अंगठा

सर्व नातेवाईक, भावकी, व्याही, विहीणबाई, ईट गावच्या बाजारात ज्यांच्याशी कधी ना कधी भांडण झालं ते सर्व मेंढरांचे व्यापारी आणि विशेषतः ओढ्यापलीकडच्या वाडीचे ढोलकरी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचे सासरे वारले आहेत. बातमी दुःखद आहे. परंतु त्याहून गंभीर बाब अशी की, सदर सासरे आणि त्यांचा जावई यांच्यात लग्नाच्या आधीपासून चालू असलेला वाद एक पक्ष उठून गेल्यामुळे अर्धवट राहिला आहे. उरलेला पक्ष स्वतःला विजयी घोषित करणारच होता. तेवढ्यात बिरोबाची यात्रा आली आणि घोटाळा झाला. तो कसा झाला, हे गेलेल्या पक्षाच्या कानावर घालणं उरलेल्या पक्षाला भाग आहे.

तेव्हा मामा, नीट ऐका. "पाव्हणं, मुद्द्यावर या" असं मधेच म्हणायची सोय आता तुम्हाला नाही, आणि मी बसचा कंडक्टर असल्यामुळे सगळे थांबे घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पहिला थांबा तुमची पडवी. मी उमरग्याहून तुमच्या वस्तीवर मुलगी बघायला आलो, तेव्हा सगळी वस्ती उठून उभी राहिली. तुम्ही मात्र जमिनीवर पाय लांब करून बसून होता. उजव्या पायाच्या अंगठ्यापासून कमरेपर्यंत लोकरीचे काळे-पांढरे धागे ताणलेले, कडेने तांबड्याची एक ओळ. माझे वडील खाकरले. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "बसा. म्या बांधलेला हाय."

आमच्याकडे पाहुणा आला की निदान उठतात तरी. वडिलांचा चेहरा बदलला. तुम्हाला तो धाग्यांतूनच दिसला असावा.

"व्याही, राग धरू नका," तुम्ही म्हणालात. "देवाच्या ढोलाचा पट्टा हाय. एकदा ताणा बांधला की सोताच्या लग्नाला बी उठता येत न्हाय."

"आणि मुलीच्या?" वडिलांनी विचारलं.

"तवर इनून हुईल की."

झालं, सोयरीक तिथेच जमली. शोभा अजून म्हणते की त्या दिवशी मी तिला बघितलंच नाही, तुमचा अंगठाच बघत बसलो. तिला मी बघितलं होतं. पण मामा, एवढ्या बुटक्या माणसाला एवढा मोठा अंगठा मी त्याआधी पाहिला नव्हता. दोरा कापून कापून त्याला मधोमध एक खाच पडली होती, विहिरीच्या दगडाला पडते तशी. मी कंडक्टर माणूस, दिवसभर लोकांचे पाय चुकवत चालतो. पायावरून माणूस ओळखायची सवय. मनात म्हटलं, हा पाय लवकर हार मानणारा नाही.

आता जे तुम्हाला पाठ आहे तेच तुम्हाला पुन्हा सांगणार आहे, कारण हे वाचणाऱ्या उमरग्याच्या मंडळींना ते ठाऊक नाही. पिशवीचा पट्टा, भंडाऱ्याच्या झोळीचा पट्टा, पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधायचा पट्टा, असले पट्टे तुम्ही येताजाता विणायचात. त्यांना कात्री चालते, गाठ चालते. माझ्या पैशांच्या पिशवीलासुद्धा तुम्ही एक विणून दिला होता, दोन्ही बाजूंना तांबडे गोंडे लावून. डेपोत साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, सासुरवाडीचा आहेर. साहेबांनी मान डोलावली. त्यांनाही सासुरवाडी होती. त्या गोंड्यांनी किती प्रवाशांच्या नाकाला गुदगुल्या केल्या असतील. मुरुमच्या बाजाराला जाणाऱ्या बायका तर तिकिटाआधी पट्ट्याची चौकशी करायच्या.

पण देवाच्या ढोलाचा पट्टा वेगळा. ते बंद कडं. धागा अंगठ्याभोवती आणि कमरेला बांधलेल्या काठीभोवती गोल गोल फिरवायचा, मग बसल्या जागी वीण घालत, लाकडी पात्याने ठोकत, चिंचोक्याची खळ लावत ते कडं हळूहळू सरकवायचं. विणलेलं टोक फिरून सुरुवातीला भेटायला आलं की बोटं शिरायला जागा उरत नाही, म्हणून शेवटची वीत सुईने भरायची. त्याला गाठ, शिवण, कात्री काही काही लागू द्यायचं नाही. कात्री लागली की तो पट्टा देवाचा राहत नाही. हे कडं दुहेरी करून ढोलाच्या दोन आकड्यांत अडकवायचं आणि गळ्यात घालायचं. आता ज्याचं डोकं थोडंफार चालतं त्याच्या ध्यानात येईल, की अशा पट्ट्याची लांबी म्हणजे विणणाऱ्याच्या पायाची लांबी. आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये मामा, पण तुमचे पाय आखूड होते.

म्हणून तुमच्या वस्तीचा ढोल पार वर, छातीच्या लगेच खाली. बाकी गावांचे ढोल मांडीशी कसे रुबाबात लोंबायचे. वाडीचे गोरखनाना, स्वतः एके काळचे ढोलकरी आणि पट्टे विणणारे, भर यात्रेत सनई थांबायची वाट बघून तुम्हाला विचारायचे, "ढोल हाय का मंगळसूत्र?"

तुम्ही म्हणायचात, "नाना, तुमचा ढोल पाक गुडघ्यात उतरलाय. त्याला संधिवाताची गोळी चालू करा."

आपला वाद इथूनच सुरू झाला. मी म्हणायचो, पट्टा आखूड आहे, कारण पाय आखूड आहे. तुम्ही म्हणायचात, पायाचा काही संबंध नाही, देवाने घालून दिलेलं माप आहे.

"देवाने माप कुठून घेतलं?"

"आमच्या आज्याच्या पायावरनं."

"आणि आजा केवढा होता?"

"माझ्याएवढाच की," तुम्ही छाती काढून सांगायचात, जणू काही त्यातच माझा पराभव होता.

जो माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या अभिमानाने मांडतो, त्याच्याशी वाद घालायचा कसा? चारचौघांत तुम्ही तर सांगायचात की पोटाला चिकटलेला ढोल हाताने वाजवावा लागत नाही, ढोलकऱ्याने पोटभर जेवलं की तो आपोआप वाजतो. लोक हसायचे. तुम्ही हसायचा नाहीत. स्वतःच्या थापांवर न हसणं ही फार मोठी विद्या आहे. मला ती अजून साधलेली नाही.

पण मीही उमरग्याचा. आमचं गाव हायवेवर, तिथे ट्रकवर माल आवळायचे नायलॉनचे पट्टे ढिगाने मिळतात. लोखंडी बकल, ओढलं की लांब, सोडलं की आखूड. एका सुट्टीला मी गठ्ठाच घेऊन आलो. तुम्ही एक पट्टा हातात घेतला, ताणून बघितला, मग नाकाशी धरला.

"ह्याला मेंढराचा वास न्हाय."

"मामा, ट्रकच्या पट्ट्याला मेंढराचा वास कुठून येणार?"

"मग देवाला कसं कळायचं, ढोल कुणाचा हाय त्ये?"

तुम्ही तो पट्टा वासराच्या गळ्यात बांधलात. "वासराला ब्येस हाय," असा निकालही दिलात. उरलेले पट्टे माझ्या मेहुण्याने, तुमच्या ज्ञानोबाने, आपल्या सासुरवाडीला देऊन टाकले. त्याची सासुरवाडी म्हणजे ओढ्यापलीकडची वाडी. अशा रीतीने माझे पट्टे शत्रूच्या गोटात गेले, आणि ते तिथे फार आवडले. दर यात्रेला मी समोरच्या ढोलाच्या गळ्यातल्या माझ्या पट्ट्याकडे बोट दाखवायचो. तुम्ही मुद्दाम आभाळाकडे बघायचात.

या वर्षी उंदरांनी देवाच्या ढोलाचा पट्टा कुरतडला. दोष खळीचा. तुम्ही ती सढळ हाताने लावायचात, आणि उंदरांना चिंचोके आवडतात. यात्रा तोंडावर. तुमच्या छातीतला दमा वाढलेला, गुडघा आखडलेला, पाय सरळ होत नव्हता. आम्ही तुमच्या आजारपणासाठी म्हणून वस्तीवर येऊन राहिलो होतो. वस्तीच्या ढोल मंडळातल्या पोरांनी दबक्या आवाजात ठरवून टाकलं होतं, की यंदा नायलॉन. मला कुणीतरी विचारलंसुद्धा, "दाजी, बकलवालं आनताल का?" मी तोंडभरून हो म्हणणार, तोच आतून तुमची हाक आली.

"पाव्हणं, या. बसा हितं. पाय द्या."

मी दचकलो. तुम्ही माझे पाय एकदाच हातात घेतले होते, लग्नात, परातीत, धुवायला. त्या वेळी मी लाजून आकाशाकडे बघत होतो. आता दिवसाढवळ्या, मामींच्या आणि शोभाच्या देखत, सासरा जावयाच्या अंगठ्याला दोरा बांधतोय.

"ज्ञानोबाला बसवा की मामा. घरचा माणूस आहे."

"पोरगं दोऱ्याला बांधलं तर मेंढरामागं उठून पळतंय. जावई उठत न्हाय."

"का?"

"जेवायला वाढायचं आसतंय त्याला."

आणि मी उठलो नाही. माझा अंगठा, तुमची कंबर, मधे लोकर. जुना कुरतडलेला पट्टा मापाला ठेवून तुम्ही मला जवळ सरकवलंत. मी उंच, माझे पाय लांब, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकवून बसावं लागलं. ताणा बांधताना मी हळूच पाठ मागे नेत होतो. ढोल चार बोटं खाली आला तर बरंच, असा माझा डाव होता.

"पाव्हणं, पाय आत."

"आतच आहे."

"म्या कमरंनं मोजतोय. आत घ्या. तुमचा पाय लांब हाय म्हून देवाचा ढोल गुडघ्यात न्यायचा का?"

मी उडालोच. "म्हणजे मामा, लांबी पायावरच असते. तुम्हीच कबूल केलंत."

तुम्ही धागा दातांत धरला, तो नीट लावला, आणि मग शांतपणे म्हणालात, "म्या तसं म्हणलं न्हाय."

शोभा चहा घेऊन आली होती. मी तिला साक्षीला धरलं. ती म्हणाली, "मला काय बी आयकू आलं न्हाय," आणि चहा तुम्हाला आधी दिला.

ते दिवस मी कुणाला नीट सांगू शकत नाही, मामा. हसतात लोक. पण दोघांच्या मधे धागा ताणलेला असला की बोलायची फारशी गरज उरत नाही. तुम्ही खोकलात की माझ्या अंगठ्याला कळायचं. वीण ठोकलीत की पिंढरीपर्यंत झिणझिण यायची. तुम्हाला डुलकी लागली की धागा सैल पडायचा, मग मी अंगठ्याने एक हिसका द्यायचो. तुम्ही डोळे न उघडताच म्हणायचात, "जागा हाय, जागा हाय." उमरग्याच्या घरात माझ्या वडिलांनी मला शिकवलं, नोकरीला लावलं, सगळं केलं, पण त्यांच्या आणि माझ्या मधे नेहमी एक दार असायचं. तुमच्यासमोर मी गुडघे पोटाशी घेऊन, जनावरासारखा बांधला जाऊन बसलो होतो, आणि मला कुठेही जावंसं वाटत नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "पाय आत घ्या." म्हणून नाही सांगितलं.

विणता विणता तुम्ही बोलायचात. मुंग्यांच्या वाटेची नक्षी कशी घालायची, शेळीच्या दातांची कशी उठवायची, तांबडा धागा कुठे बुडवायचा आणि कुठे वर काढायचा. मला शिकवत होता असं नाही. तुम्ही स्वतःचं कौतुक करत होता, आणि ते ऐकायला समोर बांधलेला माणूस मिळाला होता. "हे बगा, हे असं आमच्याशिवाय कुणाला येत न्हाय," हे तुम्ही दर दोन बोटं वीण झाली की म्हणायचात. मी म्हणायचो, "मग हे तुमच्या मागे कोण करणार?" तुम्ही म्हणायचात, "म्या कुटं चाललोय?"

आणि मग तुम्ही गेलात. पहाटे, झोपेत, मामींनी उठवायच्या आधीच. पट्टा गुंडाळून उशाला ठेवलेला होता, कमरेची काठी त्यात तशीच. एक वीत बाकी होती, सुईची. त्या वेळी माझा अंगठा मोकळा होता. मला एवढंच वाटतं, मामा. आपण बांधलेले असतो तर मला कळलं असतं.

तुम्हाला माती दिली आणि परत आलो, तर दारात यात्रा उभी. सुतक म्हणजे सुतक. ज्ञानोबाने, त्याच्या पोरांनी, सगळ्या भावकीने देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही, दहावं होईपर्यंत. ढोल वाजवायला दुसऱ्या आडनावाचा अंकुश होता, ती अडचण नव्हती. अडचण त्या एका वितेची. मंडळाची माणसं अंगणात बसली. अंकुश बिचारा हळूच म्हणाला, "मामांचा मान मोठा हाय, पण अर्धवट पट्टा देवाला चालत न्हाय. यंदा नायलॉन लावू. पुढच्या साली बगू."

सगळ्यांना कळत होतं, की पुढच्या साली विणायला कुणी नाही. एकदा नायलॉन लागला की लागला. ज्ञानोबा उंबऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याचे हात मांडीवर होते, आणि ते एकसारखे उघडत मिटत होते.

तेवढ्यात आतून मामी बोलल्या. नवरा जाऊन दोन दिवस झालेली बाई, आवाज बसलेला, पण शब्द स्पष्ट. "लोकरीला इटाळ नसतो. पट्टा चांगला हाय. हात चांगला पायजे."

पुजारी डोकं खाजवत म्हणाले, "ह्या घरचा हात चालत न्हाय. आनि दुसऱ्या घरच्याला ही वीण येत न्हाय."

"पाव्हण्याला तीनच दिसांचं सुतक," मामी म्हणाल्या. "आनि इतकं दिस दोऱ्याला बांधून घातलं व्हतं त्यास्नी. काय तर शिकलं आसतील."

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नायलॉनचा जाहीर प्रचारक, बकलचा पुरवठादार, तुमच्या पायाच्या मापावर आयुष्यभर टीका करणारा मी. मामा, कुठे असाल तिथे तुम्ही त्या क्षणी नक्की आभाळाकडे बघत होता.

तीन दिवस झाले, अंघोळ केली, आणि पडवीत तुमच्या जागेवर बसलो. माझाच अंगठा, माझीच कंबर. कडं तुमच्या मापाचं, त्यामुळे माझ्यासारख्या लांबड्याला बेडकासारखं बसावं लागलं. सुई धरली. तुमचं सगळं बोलणं आठवत होतं, अगदी तुमच्या आवाजात. मुंग्यांची वाट, शेळीचे दात. पण आठवणं वेगळं आणि सुई वेगळी. माझ्या मुंग्या वाट चुकल्या. शेळीचे दात पडले. तांबडा धागा जिथे बुडायला हवा तिथे वर आला आणि मग घाबरून परत खाली गेला. अंगठा काळानिळा झाला. उसवायचं म्हटलं तर कात्री नाही, म्हणून सुईच्या टोकाने एकेक धागा मागे काढायचा आणि पुन्हा तसाच चुकायचा.

शोभा दारात टेकून बघत होती. तुम्ही गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. फारसं बोललीही नव्हती. पण नवरा सुई घेऊन बसलेला बघून तिला राहवलं नाही.

"आवं, हे काय घातलंय?"

"मुंग्यांची वाट."

"ह्या मुंग्या कुटनं आल्या, उमरग्याहून?"

ज्ञानोबा लांब उभा राहून सांगायचा, "दाजी, आजून आवळा. आजून. दाजी, आसं न्हवं." त्याला हात लावता येत नव्हता, म्हणून तो हवेतच आवळून दाखवायचा. यात्रेच्या सकाळी ती वीत भरली. सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटले. भेटले म्हणजे काय, धडकले. पण कडं पुरं झालं. त्याला गाठ पडली नाही, कात्रीही लागली नाही. मामींनी ते हातात घेतलं नाही, नुसतं लांबून बघितलं आणि म्हणाल्या, "तुटलं न्हाय म्हंजे बास."

आता होड, दोन ढोलांची चुरस. दोन्ही मंडळं देवळापुढे समोरासमोर, मधे ढोल, भोवती रुमाल उडवत नाचणारी पोरं, भंडाऱ्याने पिवळी झालेली माती. ज्याचा ढोल आधी जमिनीला टेकतो तो हरला, एवढा साधा कायदा. अंकुश अंगाने दणकट. त्याने पट्टा गळ्यात घातला आणि ढोल थेट छातीखाली जाऊन बसला. माझी ती वीत नेमकी त्याच्या खांद्यावर आली. मी म्हटलं, संपलं. इतक्या वर्षांची तुमची वीण त्या एका वितेवर टांगलेली होती. ती उसवली असती तर लोक माझं नाव घेणार नव्हते. मामांचा पट्टा तुटला, असंच म्हणणार होते.

अंकुशने पहिली उडी घेतली. मी डोळे मिटले. दुसरी घेतली. तांबडा धागा एक सुटून वर उभा राहिला, मला तो वीस पावलांवरून दिसला. अंकुश खाली बसायचा, गिरकी घ्यायचा, पुन्हा उसळायचा, आणि ढोल त्याच्या अंगापासून सुटत नव्हता. गुडघे मोकळे, हात मोकळे. आखूड पट्ट्याचा हा फायदा मी इतक्या यात्रा बघूनही कधी बघितला नव्हता, कारण मी नेहमी समोरच्या माझ्या पट्ट्याकडे बघायचो. त्या दिवशीसुद्धा शेवटी तिकडेच बघितलं. वाडीचा ढोलकरी तरुण, चपळ, उड्या त्याच्याही जोरात. पण प्रत्येक उडीला बकल एकेक बोट सरकत होतं. ढोल मांडीवरून गुडघ्यावर आला. गुडघ्यावरून नडगीवर यायला लागला. तो बिचारा पाय फाकवून चालायला लागला. अंकुशने ते बघितलं, त्याच्यासमोर जाऊन एक अशी गिरकी घेतली की गर्दीच ओरडली, आणि वाडीच्या ढोलकऱ्याने बकल आवळायला म्हणून ढोल खाली टेकवला.

मामा, आपण जिंकलो. सुतकातला ज्ञानोबा लांब बांधावर उभा होता. त्याला नाचता येत नव्हतं, भंडारा उधळता येत नव्हता, म्हणून तो एकाच जागी उभा राहून नुसता उसळत होता. वस्तीवर मामींना ढोलाच्या आवाजावरून आधीच कळलं होतं. वाडीचा ढोल थांबला आणि आपला चालू राहिला, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या म्हणे, "आता चूल पेटवायला हरकत न्हाय."

तरीही माझी हरकत नोंदवून ठेवतो. पट्टा तुटला नव्हता, बकल सरकलं होतं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या प्रतीचं बकल असतं तर निकाल वेगळा लागला असता. आपला वाद संपलेला नाही. पुढच्या वर्षीही त्या पडवीत बसून मी हेच म्हणणार आहे, आणि म्हणता म्हणता विणणारही आहे, कारण मंडळाने मला तसं सांगून टाकलंय. पोरं म्हणतात, दाजी, यंदा जरा बरं येऊ द्या. मी ढोलाचं माप लांब करणार का, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. पाय आत घ्यायची सवय लागली आहे, ते सांगितलं नाही.

पण मुख्य गोष्ट राहिली. होड झाल्यावर गोरखनाना काठी टेकत आपल्या बाजूला आले. मी मंगळसूत्राच्या तयारीतच होतो. त्यांनी काही टोमणा मारला नाही. अंकुशला म्हणाले, "पट्टा दाव." अंकुशने गळ्यातून काढून दिला. नानांनी चष्मा वर केला आणि ते कडं बोटांतून फिरवायला सुरुवात केली. हळूहळू, एकेक नक्षी चाचपत. गर्दी जवळ आली. मुंग्यांच्या वाटेवर ते थांबले, मान हलवली. शेळीच्या दातांवर थांबले. "आसं आता कुणाच्या हातनं हुईत न्हाय," म्हणाले. जन्मभराच्या वैऱ्याचं तोंड असं हळवं झालेलं मी प्रथमच बघत होतो.

फिरवता फिरवता ते माझ्या वितेवर आले. त्यांचा अंगठा अडकला. मागे गेला, पुन्हा पुढे आला. त्यांनी डोळे पुसले.

"हितं म्हातारं दमलं, बगा," नाना म्हणाले. "हितनं हात थरथरलाय त्येचा. तरी सोडलं न्हाय."

कुणीतरी चुकचुकलं. एका म्हातारीने पुढे होऊन त्या वाकड्यातिकड्या वितेला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी. मामा, मी खोटं बोलणार नाही, मला ते फार बरं वाटलं. माझी वीण, आणि लोक तिच्या पाया पडतायत. मी मान खाली घालून, जमेल तेवढा दुःखी चेहरा करून उभा राहिलो. म्हटलं, राहू दे. मामांची शेवटची वीत म्हणून राहिली तर कुणाचं काय बिघडतंय?

तेवढ्यात गर्दीच्या मागून पदर खोचून शोभा आली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच तिचे डोळे भरून वाहत होते. तिने नानांच्या हातून पट्टा ओढून घेतला, ती वीत सगळ्यांच्या तोंडापुढे धरली आणि झांजवाले थांबतील एवढ्या मोठ्यांदा म्हणाली,

"आमचं आप्पा कुटं बी दमलं न्हाईत. ते वाकडं-तिकडं हाय ते आमच्या ह्यांचं हाय."